सिस्टर, हे इंजेक्शन कोणाचे?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बारा खाटांचे नर्सिंग होम आहे. बायकांच्या वॉर्डात चार खाटा. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. दिवसपाळीची सिस्टर घरी गेली आहे आणि रात्रपाळीला एकच मुलगी आहे. दोन वॉर्ड, बाळंतिणीची खोली आणि टेबलावरचा फोन, सगळे तिच्याच अंगावर. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज घेऊन ती दोन नंबरच्या खाटेपाशी येते आणि आडनाव घेऊन हाक मारते. खाटेवरची म्हातारी झोपेतच ‘हं’ म्हणते.

कोपऱ्यात फडके पिळणारी मावशी मान वर करते. “सिस्टर, साखरेच्या आजी त्या खिडकीकडच्या. ह्यांना साखर नाही. संध्याकाळी खाटा बदलल्या ना आपण.”

दोघींचे आडनाव एकच. केसपेपरवर खाटेचा जुना नंबर. आणि सिरिंजमध्ये इन्सुलिन. मधुमेह नसलेल्या, धड जेवलेलीही नसलेल्या म्हातारीला ते टोचले गेले असते, तर तिच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली गेली असती. दरदरून घाम, थरथर आणि मग बेशुद्धी. झोपलेल्या माणसाची बेशुद्धी रात्री कोणाच्या लक्षात येणार? सकाळी चहा घेऊन आलेल्या सुनेलाच ते कळले असते.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण ज्यांनी अशा वॉर्डात रात्र काढली आहे, त्यांना तो खोटा वाटणार नाही. मावशीला त्या वेळी शाबासकी मिळायला हवी. ती मिळते का? पुष्कळदा मिळते ते एवढेच : “तू तुझं काम कर. तुला काय कळतं त्यातलं?”

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. दवाखान्यात माणसाचा जीव वाचवणारी गोष्ट दर वेळी महागडे यंत्र नसते. धुतलेले हात, कोरी सुई आणि वेळेवर विचारलेला एक साधा प्रश्न, एवढ्यावर अनेकांचे प्राण वाचतात. आणि तो प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

हा आपल्या घरचा प्रश्न

बंधू-भगिनींनो, नर्सिंग होमशी आपले नाते दुहेरी आहे. सरकारी इस्पितळात खाट मिळाली नाही, बाळंतपण अडले, बापाच्या छातीत दुखू लागले, की आपण कर्ज काढून, दागिना मोडून जवळचे नर्सिंग होम गाठतो. दुसरीकडे, त्याच नर्सिंग होममध्ये फरशी पुसणारी, बेडपॅन देणारी, रक्ताने भिजलेल्या चादरी उचलणारी माणसे आपल्याच वस्तीतून जातात. मावशी आपली, मामा आपला, आणि पांढऱ्या कपड्यातली सिस्टर ही कित्येकदा आपलीच शिकलेली पोर. संसर्ग पसरला तर खाटेवरचाही आपला आणि झाडू हातात असलेलाही आपलाच.

आजार बरा करायला जावे आणि नवा आजार घेऊन यावे, हे जगभर घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या अहवालानुसार, उपचारासाठी इस्पितळात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना निदान एक तरी संसर्ग इस्पितळातच जडतो. ऑपरेशनची जखम पिकते, लघवीच्या नळीतून जंतू शिरतात, सलाईनची सुई लावलेला हात सुजतो, छातीत कफ होऊन न्यूमोनिया होतो. घरच्यांना वाटते, नशीबच खोटे. पण यांतले पुष्कळसे संसर्ग टाळता येण्यासारखे असतात.

हात धुण्याची गोष्ट

१८४७ सालची ही गोष्ट आहे. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त होत्या. गावातल्या गरीब बायका त्या विभागात जायला घाबरत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला ह्याचे कारण सापडेना. त्याचा एक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला आणि त्याची लक्षणे बाळंतज्वरासारखीच निघाली. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी मुडदे चिरून तसेच बाळंतिणींना तपासायला येत होते. सुइणी मुडद्यांना हात लावत नव्हत्या. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात दर १०० बाळंतिणींपैकी सुमारे १८ मरत होत्या. जून महिन्यात हे प्रमाण सुमारे २ वर आले.

मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपल्या हातांनी रोगी मरतो हे त्यांच्या मानीपणाला पटेना. १८६५ साली सेमेलवाइस उपेक्षित अवस्थेत मरण पावला. पुढे जंतूंचे शास्त्र आले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले.

आज प्रत्येक डॉक्टर आणि सिस्टर हे शिकलेली असते. तरीही गर्दीत, घाईत हात धुणे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सुई किंवा नळी लावण्यासारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेजवळच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण-पाण्याने धुवायचे तर एकूण ४० ते ६० सेकंद, स्पिरिटचा द्रव चोळायचा तर २० ते ३० सेकंद. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील तर द्रव चालत नाही, साबण-पाणीच हवे.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज आहे. मोजे घातले म्हणजे झाले असे नाही. एका रुग्णाची जखम पुसून त्याच मोज्यांनी दुसऱ्या रुग्णाला हात लावला, तर मोजे फक्त घालणाऱ्याला वाचवतात, रुग्णाला नाही. मोजे दर रुग्णाला बदलायचे, आणि काढल्यावर हात धुवायचेच.

हे नियम आपल्यालाही लागू आहेत. भेटायला जाताना आणि परतताना हात धुवा. रुग्णाच्या खाटेवर बसू नका. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. २०२० च्या करोना साथीत सगळ्या वस्तीने हात धुण्याची सवय लावून घेतली होती. ती साथीबरोबर जाऊ देऊ नका.

सुई आणि सलाईन

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. डॉक्टरने इंजेक्शन दिले, सलाईन लावले, म्हणजे खरे औषध झाले. गोळ्या दिल्या तर पैसे वसूल झाले नाहीत असे वाटते. पण तोंडाने गोळी घेता येत असेल आणि डॉक्टर तीच पुरे म्हणत असतील, तर सुईचा हट्ट धरू नये. प्रत्येक सुई म्हणजे शरीराला पाडलेले एक दार. ते दार विनाकारण उघडू नये.

२००९ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात काविळीच्या बी प्रकाराची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. तपासात उघड झाले की वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्या जात होत्या. एकाच्या रक्तातले विष दुसऱ्याच्या अंगात गेले आणि ते नेणारा हात बरे करणाऱ्याचा होता.

म्हणून इंजेक्शन घेताना तीन गोष्टी बघा. सिरिंज आणि सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली का? सुई टोचण्यापूर्वी कातडी पुसून वाळू दिली का? आणि औषधाची बाटली अनेक जणांसाठी वापरली जाणारी असेल, तर तिच्यात दर वेळी कोरी सुई आणि कोरी सिरिंज घातली का? फक्त सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तरी धोका राहतो, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्ये शिरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

सलाईनसाठी हातावर लावलेली नळी ही रुग्णाच्या नातेवाइकाने रोज पाहावी अशी गोष्ट आहे. तिच्याभोवती लाली, सूज, दुखणे, गरमपणा किंवा पू दिसला तर लगेच सिस्टरला सांगा. सलाईन संपले आणि औषध शिरेतून द्यायचे राहिले नसेल, तर नळी अजून लागणार आहे का, हे विचारा. लघवीच्या नळीचेही तसेच. नळी जितके दिवस जास्त, तितका संसर्गाचा धोका जास्त. लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. रुग्णाला उठवताना पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवतात, ते चूक आहे. साचलेली लघवी उलटी आत जाते.

चुकीचे औषध कसे जाते?

आता पुन्हा त्या आजीच्या खाटेपाशी येऊ. औषधाची चूक बहुधा दुष्टपणाने होत नाही. थकवा, घाई, अंधुक दिवा, डॉक्टरांचे वाचता न येणारे अक्षर आणि सारखी दिसणारी बाटली, ह्यांच्या बेरजेतून ती होते. म्हणून औषध देताना पाच गोष्टी पडताळायच्या असतात : बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग आणि बरोबर वेळ.

बरोबर रुग्ण ओळखायला आडनाव पुरत नाही. आपल्या वस्तीत एकाच आडनावाची वीस घरे असतात. खाटेचा नंबरही पुरत नाही, कारण खाटा बदलतात. पूर्ण नाव आणि वय किंवा जन्मतारीख, अशा दोन खुणा तरी हव्यात. आणि “तुम्ही अमुकच ना?” असे विचारून चालत नाही, कारण तापातला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव काय?” असे विचारायला हवे.

काही औषधे अशी आहेत की त्यांच्यात थोडी चूकही महागात पडते. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन पाण्यासारखे स्वच्छ दिसते. ते सलाईनमध्ये भरपूर पातळ करून सावकाश द्यावे लागते. तसेच सरळ शिरेत गेले तर हृदय बंद पडते. म्हणून ते इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्यांबरोबर एका डब्यात ठेवू नये, वेगळे आणि ठळक चिठ्ठी लावून ठेवावे.

इन्सुलिन तर आता घराघरांत आहे. आपल्याकडे ते दोन ताकदींत मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले तर अडीचपट औषध अंगात जाते. दुकानातून सिरिंज आणताना बाटलीवरचा आकडा दाखवूनच आणा.

सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट गोळीचेही असेच. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर तोंडात फोड येतात, रक्त तयार होणे थांबते आणि माणूस दगावू शकतो. डॉक्टरने ही गोळी दिली असेल तर चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्या.

अंगावर पुरळ उठणे, श्वास कोंडणे असे पूर्वी कधी एखाद्या औषधाने झाले असेल, तर ते दाखल होतानाच सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ‘त्यांना माहीत असेल’ असे धरून चालू नका. नव्या पाळीच्या सिस्टरला ते माहीत नसते.

विनयपिटकातल्या महावग्गात एक कथा आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे आणि चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. शुश्रूषकाला औषध तयार करता यावे, काय हितकर आणि काय अहितकर ते कळावे, मलमूत्र उचलण्याची त्याला किळस वाटू नये. रुग्णाने औषध घ्यावे, पथ्याचे प्रमाण ओळखावे आणि आपले दुखणे शुश्रूषकाला खरेखरे सांगावे. आजच्या नर्सिंगच्या पुस्तकात शोभावी अशी ही यादी आहे. त्यात मलमूत्र उचलणे हे हलके काम म्हणून आलेले नाही, गुण म्हणून आले आहे.

मावशीच्या हातात घुसलेली सुई

आता त्या मावशीचा विचार करू. रात्रभर काम करून पहाटे ती कचऱ्याची पिशवी बांधते आणि पिशवीतून सुई तिच्या बोटात घुसते. ती बोट तोंडात घालते, फडके गुंडाळते आणि कोणाला सांगत नाही. सांगितले तर बोलणी खावी लागतील, खाडा पडेल, नोकरी जाईल, ही भीती.

ही सुई कचऱ्याच्या पिशवीत यायलाच नको होती. दवाखान्याच्या कचऱ्याविषयी केंद्र सरकारने पहिले नियम १९९८ साली केले. त्यांच्या जागी २०१६ साली नवे नियम आले. त्यांनुसार कचरा जिथे निर्माण होतो तिथेच वेगळा करायचा असतो. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे भाग आणि मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत प्लास्टिक, म्हणजे सलाईनच्या बाटल्या, नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्या खुणेच्या खोक्यात काचेच्या बाटल्या आणि कुप्या. सुई वापरणाऱ्याने ती स्वतः, तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात टाकायची किंवा कटरने कापायची. तिला पुन्हा टोपण लावायला जायचे नाही, कारण बोटाला सुई लागण्याचा तो हमखास मार्ग आहे.

ह्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक मावशीला आणि मामाला माहीत हवी. असा कचरा हाताळणाऱ्या कामगारांना काविळीच्या बी प्रकाराची आणि धनुर्वाताची लस देणे, हातमोजे-बूट-मास्क पुरवणे, प्रशिक्षण देणे आणि वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करणे ही दवाखान्याच्या मालकाची जबाबदारी आहे. ही मेहरबानी नव्हे, कायदा आहे. कंत्राटी कामगारालाही तो लागू आहे. बी काविळीची लस तीन वेळा घ्यायची असते : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी.

लसीचे महत्त्व किती? लस न घेतलेल्याला बी काविळीच्या रुग्णाची सुई लागली, तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत हे प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. म्हणजे ज्या रोगाची भीती कमी, त्याचाच धोका मोठा, आणि त्यावर लस आहे.

सुई लागलीच तर काय करावे? बोट तोंडात घालू नका, पिळू नका, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीचिंग ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. लगेच डॉक्टरांना सांगा आणि नोंद करायला लावा. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे शक्यतो २ तासांत सुरू करावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. मोठ्या सरकारी इस्पितळांत ती मिळतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ‘बघू उद्या’ म्हणण्याची ही गोष्ट नाही.

सफाई करणाऱ्या भगिनींना आणखी एक कळकळीचे सांगणे. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत गुदमरायला होते. ब्लीचिंगचे पाणी रोज ताजे करा, शिळ्याची ताकद उडून जाते. वॉर्डात कोरडा झाडू मारू नका, धुळीबरोबर जंतू उडतात. ओल्या फडक्याने पुसा, स्वच्छ जागेकडून घाणीकडे, आणि संडासाचे फडके वॉर्डात आणू नका.

घरी परतताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळे बिलाच्या गडबडीत असतात आणि औषधांचे सांगणे दारात, उभ्याउभ्या होते. तिथेच पुढच्या चुकांचे बी पडते. घरी पूर्वीच्या गोळ्या असतात, त्यांत नव्या मिसळतात. कंपनीचे नाव वेगळे पण औषध एकच, अशा दोन गोळ्या एकाच वेळी पोटात जातात.

म्हणून दाखल होताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या, त्यांत वैदूचा काढा आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही असू द्या. निघताना तीच पिशवी डॉक्टरांसमोर उघडा आणि विचारा : ह्यातली कोणती चालू, कोणती बंद, कोणती नवी?

चिठ्ठीवरच्या खुणा समजून घ्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. घरात वाचता न येणारी आजी असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा वैद्यकीय परिषदेचा २०१६ पासूनचा नियम आहे. वाचता येत नसेल तर परत वाचून घेण्यात संकोच कसला?

गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. शेजारणीला गुण आला म्हणून आपण घ्यायचे नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडायचाही नाही. जंतूंना औषधांची सवय झाल्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मरण पावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

विचारायचे कसे?

पुष्कळांना वाटते, विचारले तर डॉक्टर रागावतील आणि राग आपल्या रुग्णावर निघेल. भीती खरी आहे. पण विचारण्याची एक रीत असते. आवाज न चढवता, मान देऊन, पण स्पष्ट विचारावे.

“सिस्टर, हे इंजेक्शन कोणाचं आणि कशाचं, सांगाल का?”

“डॉक्टरसाहेब, हात लावण्याआधी जरा धुवून घ्याल का? आई फार अशक्त आहे.”

“ताई, ही सुई नव्या पाकिटातली आहे ना? माझ्यासमोर फोडाल का?”

“काल गोळी पांढरी होती, आज पिवळी आहे. एकदा बघून घेता का?”

चांगली सिस्टर अशा प्रश्नाने रागवत नाही. उलट थकलेल्या सिस्टरला तो आधारच असतो. दोन वॉर्ड एकटीवर टाकलेल्या त्या मुलीशी भांडू नका. तिच्यावर एवढे काम टाकणाऱ्या मालकाला जाब विचारा. रात्री किती प्रशिक्षित, नोंदणीकृत सिस्टर असतात, हे दाखल होतानाच विचारा.

महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठी १९४९ सालचा नोंदणी कायदा आहे. २०२१ साली त्याच्या नियमांत सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लोकांना दिसेल असे लावणे बंधनकारक झाले. नोंदणीचा दाखला आणि ही सनद भिंतीवर आहे का, ते आत शिरतानाच बघा. आपल्या उपचाराचे कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. दाद मिळाली नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि इतर ठिकाणी जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एखाद्या औषधाने अपाय झाला तर त्याची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी बिनपैशाचा फोन नंबर आहे. हा कोणाला शिक्षा करण्यासाठी नाही, पुढच्या माणसाला वाचवण्यासाठी आहे.

शेवटी पुन्हा मावशीकडे. त्या रात्री वॉर्डात सगळ्यात कमी पगार तिचा होता आणि सगळ्यात जास्त लक्षही तिचेच होते. कोणत्या आजी जेवल्या नाहीत, कोणाची खाट बदलली, कोणाला साखर आहे, हे तिला माहीत होते, कारण घास आणि बेडपॅन दोन्ही तीच देत होती. ज्या नर्सिंग होममध्ये मावशीच्या बोलण्यावर सिस्टर थांबते आणि केसपेपर पुन्हा बघते, तिथे रुग्ण जास्त सुरक्षित असतो.

आपल्या घरातून रोज सकाळ-संध्याकाळ अशा कामाला जाणाऱ्या माणसाला आज एवढे सांगा. दिसले तर बोल. “तुला काय कळतं” म्हणाले तरी बोल. आणि तुझी लस घेतली का, तेही आजच विचारून घे.